क्वार्टर की स्वतःचं घर? फौजी कुटुंबाने कोणत्या क्रमाने ठरवावं

सुट्टी पंचवीस दिवसांची. पहिले आठ-दहा दिवस पाहुणेरावळे, देवदर्शन आणि वडिलांच्या दवाखान्यात जातात. मग कुणीतरी मेहुणा म्हणतो, "दाजी, बायपासला चांगली स्कीम आलीय, नुसती बघून तरी येऊ." तेविसाव्या दिवशी टोकन दिलेलं असतं. पंचविसाव्या दिवशी गडी गाडीत बसतो आणि पुढची सगळी धावपळ घरच्या बाईच्या गळ्यात पडते. तिला तोवर फ्लॅटचा मजलाही नीट माहीत नसतो.

गेल्या काही वर्षांत अशी पाच-सहा घरं मी जवळून पाहिली. आमचं स्वतःचंही त्यातच धरा. घर घेणं चुकलं असं क्वचितच होतं, चुकतो तो क्रम. आधी टोकन, मग कर्ज, मग कागद आणि शेवटी "पण आपण राहणार कुठे?" हा प्रश्न. खाली हाच क्रम उलटा करून दिला आहे. आकडे सातव्या वेतन आयोगाचे आहेत. उदाहरणं जवान आणि जेसीओंच्या (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) घरांची आहेत, अधिकाऱ्यांनी आपापले आकडे घालावेत.

टप्पा १ : घर बघायच्या आधी एक पान लिहा

वहीचं एक पान घ्या आणि नवरा-बायकोने मिळून लिहा. फोनवर नको, समोरासमोर बसून.

– नोकरीची किती वर्षं उरली? आशेवरचं प्रमोशन धरू नका, आजच्या रँकवर किती ते लिहा.
– पुढची पोस्टिंग फील्ड (जिथे कुटुंब नेता येत नाही) की पीस (जिथे नेता येतं)? साधारण कधी?
– मुलं कितवीत आहेत? दहावी-बारावीची वर्षं कोणत्या साली येतात?
– मुलं केंद्रीय विद्यालयात किंवा आर्मी स्कूलमध्ये आहेत की राज्य मंडळाच्या शाळेत?
– गावाकडचं घर कुणाच्या नावावर आहे, आणि त्यात तुमचा वाटा कागदावर आहे की नुसता तोंडी?
– निवृत्तीनंतर दुसरी नोकरी कुठे मिळू शकेल?

शाळेचा प्रश्न लोक हलक्यात घेतात. केंद्रीय विद्यालयातलं मूल बदलीबरोबर दुसऱ्या केंद्रीय विद्यालयात जाऊ शकतं. मूल एकदा तालुक्याच्या सेमी-इंग्रजी शाळेत रुळलं की सातवी-आठवीत त्याला उचलून पठाणकोटला नेणं जिवावर येतं. म्हणजे शाळा निवडली त्याच दिवशी तुम्ही क्वार्टर किंवा घर यातलं काहीतरी निवडलेलं असतं, फक्त लक्षात आलेलं नसतं.

अग्निवीरांसाठी वेगळं सांगते. चार वर्षांच्या नोकरीवर वीस वर्षांचा हप्ता बांधू नका. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणच कायम होतात. तो निकाल लागेपर्यंत पैसे साठवा, बाकी काही नको.

*तपासणी :* पानावर "निवृत्तीनंतर राहायचं ठिकाण" या ओळीपुढे एकच नाव आहे का? दोन किंवा तीन नावं असतील तर घर घ्यायची वेळ आलेली नाही. तोवर क्वार्टरमध्ये राहा आणि टप्पा ३ चा हिशोब करून पैसे बाजूला टाका.

टप्पा २ : क्वार्टर "फुकट" नसतं, त्याची किंमत काढा

क्वार्टर मिळालं की घरभाडे भत्ता बंद होतो. वर वीज-पाणी, आणि लागू असेल तर लायसन्स फी (सरकारी घराचं नाममात्र भाडं) कापलं जातं. लायसन्स फी अगदीच किरकोळ असते. खरी किंमत आहे ती सोडलेल्या भत्त्याची.

१ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला आणि घरभाडे भत्त्याचे दर शहराच्या एक्स, वाय आणि झेड वर्गांप्रमाणे मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. मुंबई-पुणे एक्स वर्गात येतात. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर वाय वर्गात, आणि सातारा-अहिल्यानगरसारखी गावं झेड वर्गात. मूळ वेतन ४०,४०० असलेल्या हवालदाराला पुण्यात १२,१२० रुपये, कोल्हापुरात ८,०८० आणि साताऱ्यात ४,०४० मिळतात.

आता हाच आकडा शेजारच्या भाड्याशी लावून बघा. पुण्यात लष्करी भागाजवळ दोन खोल्यांचं बरं घर बारा हजारांत मिळणार नाही, शिवाय डिपॉझिट वेगळं. तिथे क्वार्टर सरळ फायद्याचं. झेड वर्गाच्या गावी तर भत्ताच एवढा थोडा की तो सोडल्याचं दुःख करण्यात अर्थ नाही. शाळेची बस, एमआय रूम (युनिटचा दवाखाना), कॅन्टीन हाताशी असतं आणि नवरा एक्सरसाइजवर गेला तरी रात्री कडी वाजवायला शेजार असतो. याची किंमत रुपयांत लावता येत नाही, पण पानावर लिहून ठेवा.

दोन गैरसमज इथेच मोडून काढते.

पहिला, "स्वतःच्या घरात राहिलं तर भत्ता मिळत नाही." मिळतो. सरकारी क्वार्टर घेतलेलं नसेल तर स्वतःच्या घरात राहूनही घरभाडे भत्ता मिळतो. फक्त भाडं भरत नसल्यामुळे त्यावर आयकराची सूट मागता येत नाही. नवीन करप्रणालीत तर ती सूट कुणालाच नाही.

दुसरा, "फील्डला गेलो की कुटुंब क्वार्टरमध्येच राहील." पीस स्टेशनचं क्वार्टर पोस्टिंगबरोबर सुटतं. काही काळ ठेवायची परवानगी मिळू शकते, विशेषतः मुलांचं शैक्षणिक वर्ष चालू असेल तर, पण ती लेखी मागावी लागते. सेपरेटेड फॅमिली क्वार्टर (फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीची घरं) ठरावीक स्टेशनांवरच असतात आणि यादी लांब असते. मूव्हमेंट ऑर्डर (बदलीवर निघायचा हुकूम) हातात पडली त्याच आठवड्यात अर्ज गेला पाहिजे.

*सावधान :* परवानगीशिवाय एक दिवसही जास्त राहू नका. दंडाच्या दराने भाडं लागतं आणि ते थेट पगारातून जातं.

टप्पा ३ : हप्ता पगाराशी नको, पेन्शनशी ताडून बघा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. बँक तुमचा आजचा पगार बघते, हप्ता मात्र तुम्हाला पेन्शनमधूनही भरायचा असतो. मुलकी नोकरीतला माणूस साठीला निवृत्त होतो, आपला जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो. मुलं तेव्हा आठवी-नववीत असतात.

तोच हवालदार घ्या. मूळ वेतन ४०,४०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, म्हणजे ४५,६००. निवृत्तीला दहा वर्षं आहेत. त्याने ३० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. पगारातून तो कसाबसा जातो.

दहा वर्षांनी काय होतं? भरलेले पैसे ३१ लाखांवर गेलेले असतात आणि डोक्यावर अजून जवळपास २१ लाख बाकी असतात. नाही, छापताना चूक झालेली नाही. पहिली काही वर्षं हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो, म्हणून असं होतं.

आता पेन्शन. समजायला सोपं जावं म्हणून आजच्याच आकड्यांवर काढू. शेवटच्या वेतनाच्या निम्मी, म्हणजे २२,८००. सैन्यात ५० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकता येते, म्हणजे तेवढा भाग सोडून एकरकमी पैसे घेता येतात, आणि बहुतेक जण विकतात. मग उरते ११,४००. महागाई दिलासा मूळच्या पूर्ण पेन्शनवर मिळतो, तो ५० टक्के धरला तर आणखी ११,४००. हातात एकूण २२,८००. हप्ता २६,०३५.

"पण एकरकमी पैसे मिळतात की!" मिळतात. विकलेल्या पेन्शनचे ढोबळ बारा लाख आणि वीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी ढोबळ सात लाख. दोन्ही मिळून एकोणीस. कर्ज एकवीस. आयुष्यभराची पुंजी बँकेत ओतूनही दोन लाख कमीच पडतात. मुलीचं शिक्षण, स्वतःचा काही व्यवसाय, सगळं शून्यावर. विकलेली पेन्शन पूर्ववत व्हायला पंधरा वर्षं लागतात, हेही जोडीला. पुढच्या दहा वर्षांत पगार वाढेल, पेन्शनही त्या प्रमाणात वाढेल हे खरं. पण घरखर्चही तेवढाच वाढणार, म्हणून मी त्या वाढीवर उडी मारत नाही.

मग करायचं काय? तीनपैकी एक.

१. कर्ज निवृत्तीच्या तारखेआधी संपेल एवढंच घ्या. १५ लाख दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १८,६०० बसतो आणि घरी येताना घर मोकळं असतं.
२. मोठं कर्ज घ्यायचंच असेल तर निवृत्तीच्या दिवशीची बाकी काढा. ती एकरकमी रकमेच्या अर्ध्याच्या आत असली पाहिजे.
३. दोन्ही जमत नसेल तर घर लहान घ्या किंवा थांबा.

दुसऱ्या नोकरीच्या भरवशावर हप्ता ठरवू नका. बँकेतली किंवा सरकारी भरतीतली माजी सैनिकांची जागा लागली तर आनंदच आहे. लागेपर्यंतची दोन वर्षं हप्ता कोण भरणार, हा प्रश्न उरतोच.

*तपासणी :* बँकेकडून किंवा मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवरून कर्जाचं वर्षवार कोष्टक काढा. निवृत्तीच्या वर्षापुढची "बाकी" लाल शाईने गोल करा. तो आकडा बायकोला तोंडपाठ असला पाहिजे.

टप्पा ४ : कुठे आणि काय घ्यायचं

पानावर एकच नाव आलं असेल तर हा टप्पा लवकर संपतो. तरी एका गोष्टीवर थांबते, कारण सातारा-सांगली-कोल्हापूरकडची फौजी घरं हमखास इथे अडकतात. गुंठ्याचा प्लॉट.

"दोन गुंठे घेऊन ठेवा, पुढे बांधू." जमीन शेतीची असेल तर आधी बिगरशेती वापराचा कागद आणि मंजूर ले-आउट मागा. तो नसेल तर तुकडेबंदी कायद्याच्या कचाट्यात दस्त अडकू शकतो. मग विकणारा म्हणतो, साठेखत करू, नोटरी करू, सातबाऱ्यावर सामाईकात नाव लावू. सामाईक सातबाऱ्यावर तुमचं नाव लागतं, पण तुमचा तुकडा कोणता ते कुठेच लागत नाही. बारा वर्षांनी घर बांधायला जाल तेव्हा तिथे दुसऱ्याचा पाया निघालेला असतो आणि तुम्ही लेहमध्ये असता. लांब राहणाऱ्या माणसाने मोजणी न झालेली, कुंपण न घातलेली जागा घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वडिलोपार्जित जागेवर बांधायचं असेल तर आधी वाटणी नोंदवा, मग विटा आणा. भावाभावांत गोडी आहे तोवरच हे काम होतं.

टप्पा ५ : रोख किती लागेल आणि ती कुठून आणायची

पुण्यात ४० लाखांचा तयार फ्लॅट घेताय असं धरू. या रकमेच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ३२ लाख. उरलेले ८ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी २ लाख ८० हजार, नोंदणी फी ३० हजार, आणि हे दोन्ही कर्जात बसत नाहीत. झाले ११ लाख १० हजार. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर एवढ्या किमतीला बहुतेक वेळा १ टक्का जीएसटी, आणखी ४० हजार. पंखे, जाळ्या, किचन ट्रॉली, सोसायटीची आगाऊ वर्गणी हे अजून यायचंच आहे.

लोक "२० टक्के जमले" म्हणून टोकन देतात आणि मुद्रांकाच्या वेळी पर्सनल लोन काढतात. तिथून घसरण सुरू होते.

महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ४० हजार वाचतात. मात्र नवऱ्याचं नाव सोबत लावलं की सवलत गेली. दुसरीकडे, नाव फक्त बायकोचं आणि हप्ता नवऱ्याच्या पगारातून असेल, तर जुन्या करप्रणालीतली व्याजावरची २ लाखांपर्यंतची वजावट नवऱ्याला मिळत नाही, कारण तो मालक नाही. नवीन करप्रणालीत असाल तर स्वतः राहायच्या घरावर ही वजावट मुळातच नाही, त्यामुळे एकट्या बायकोच्या नावावर घेणं सोपं पडतं. कोणती करप्रणाली ते आधी ठरवा, नावं नंतर.

पैशाच्या वाटा अशा क्रमाने तपासा :

– *एएफपीपी फंड* (अधिकाऱ्यांसाठी डीएसओपी) : हा सैन्यातला भविष्य निर्वाह निधी. घरासाठी पैसे काढता येतात. पण सगळा रिकामा करू नका. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने यावरच निघतात.
– *एजीआयएफ* : आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं गृहकर्ज. नौदल आणि हवाई दलाच्या विमा संस्थांचंही असतं. व्याजदर बँकेशी ताडून बघा. कागद युनिटमार्फत जातात, त्यामुळे वेळ लागतो, तो धरून चला.
– *बँक* : डिफेन्स सॅलरी पॅकेज ज्या बँकेत आहे तिथे प्रोसेसिंग फीत सवलत मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

*सावधान :* बँक कर्जाबरोबर विमा गळ्यात घालते. घ्यायला हरकत नाही, पण वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. युद्ध किंवा लष्करी कारवाईतला मृत्यू वगळलेला असेल तर तो विमा आपल्या कामाचा नाही.

टप्पा ६ : कागद, टोकन द्यायच्या आधी

इथे वकिलाचे पैसे वाचवू नका.

बिल्डरचा नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर त्याचा क्रमांक टाकून स्वतः बघा : मंजूर नकाशा, पूर्ण करायची तारीख, चालू खटले, किती फ्लॅट विकले गेले. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. "साहेब सुट्टीवर आलेत तर अर्धे देऊनच जा" म्हणणाऱ्याकडून उठून यायचं.

जुना फ्लॅट असेल तर मागचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा ना-हरकत दाखला, मालमत्ता कराची पावती, आणि वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल. भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते बघा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची आहे. हे पुष्कळांना नोटीस आल्यावर कळतं.

एडब्ल्यूएचओच्या (आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन) योजनेत नाव घालणाऱ्यांनाही दोन शब्द. आपल्याच लोकांचं, ना नफा ना तोटा तत्त्वावरचं, शेजारपाजार फौजी, हे सगळं खरं. पण ताबा लांबू शकतो आणि शेवटची किंमत सुरुवातीच्या अंदाजाएवढी राहील असं धरू नये. बांधकामही स्वतः बघायचं. याच संस्थेच्या कोचीतल्या चंदर कुंज आर्मी टॉवर्सचे दोन टॉवर पाडून पुन्हा बांधा, असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. संस्था आपली आहे म्हणून डोळे मिटून ताबा घेऊ नका.

आणि युनिटला कळवा. स्थावर मालमत्ता घेताना द्यायची माहिती कोणत्या नमुन्यात द्यायची ते ऑफिसात विचारून घ्या आणि पोचपावती घरच्या फाइलमध्ये लावा.

टप्पा ७ : सही कोण करणार?

याचा विचार टोकनच्या आधी झाला पाहिजे. करारनामा, कर्जाचे कागद, ताबा, सोसायटीचा अर्ज, प्रत्येक वेळी सही लागते. वर्षाची ६० दिवसांची सुट्टी कधी मिळेल हे कुणाच्या हातात नसतं.

सुट्टीत असतानाच दुय्यम निबंधकाकडे जाऊन बायकोच्या किंवा वडिलांच्या नावे *विशेष* मुखत्यारपत्र नोंदवा. विशेष म्हणजे त्या एका मालमत्तेपुरतं. त्यात कर्ज घेणं, गहाणखतावर सही, नोंदणी, ताबा आणि सोसायटीचे व्यवहार असे शब्द स्पष्ट हवेत. विक्रीचा अधिकार घालू नका. मसुदा आधी बँकेला दाखवा. बँकेला हवा तो एक शब्द राहिला तर पुढच्या सुट्टीपर्यंत सगळं लटकतं. सर्वसाधारण मुखत्यारपत्र भावाला देऊन निघून गेलेल्यांची घरं मी पाहिली आहेत. त्यांचं इथे लिहीत नाही.

*तपासणी :* सगळ्या कागदांचे स्कॅन दोघांच्या फोनवर, एक झेरॉक्स संच माहेरी किंवा सासरी, मूळ कागद बँकेत. आधारवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि सर्व्हिस रेकॉर्डमधलं नाव एकच आहे का? बायकोच्या नावात तर हमखास फरक निघतो. लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या घरच्या नोंदींचा युनिटचा आदेश) क्लार्कने टाइप केलेलं तिसरंच.

टप्पा ८ : क्वार्टर घेताना आणि सोडताना

घर घेतलं तरी बहुतेक जण पुढची काही वर्षं क्वार्टरमध्येच राहतात, म्हणून हेही नीट करा.

मार्चिंग-इनच्या (क्वार्टरचा ताबा घ्यायच्या) दिवशी एमईएसचा, म्हणजे लष्करी इमारतींची देखभाल करणाऱ्या खात्याचा माणूस यादी वाचत जातो आणि आपण चहा ठेवतो. चहा नंतर. त्याच्यामागे खोलीखोलीत फिरा. गीझर चालू करून पाणी गरम होईपर्यंत थांबा. प्रत्येक नळ सोडा, संडासची टाकी ओढून बघा, खिडकीच्या जाळीवरून हात फिरवा, पलंगाच्या फळ्या मोजा. फर्निचरवर रंगवलेला नंबर यादीशी जुळतो का ते बघा. मीटरचं रीडिंग स्वतःच्या वहीत लिहा. जे मोडकं आहे ते यादीत "मोडकं" लिहूनच सही करा, नाहीतर जाताना ते तुम्ही मोडलेलं असतं.

आता आमची चूक. एका स्टेशनला क्वार्टर मिळालं तेव्हा ताबा घेतल्याचा कागद पुढे गेलाच नाही. पगारात घरभाडे भत्ता येत राहिला. ह्यांना वाटलं काहीतरी थकबाकी असेल, मला वाटलं पगार वाढला. सात महिन्यांनी सगळी रक्कम एकदम कापली. त्या महिन्यात हातात आलेला पगार बघून ह्यांनी मला मेसेजच केला नाही, सरळ फोन केला. तो महिना आम्ही माझ्या भिशीच्या पैशावर काढला. दोष ऑफिसचा खरा, पण पे-स्लिप उघडून बघायचं काम आमचं होतं.

*तपासणी :* क्वार्टर घेतलं किंवा सोडलं की पुढच्या दोन पे-स्लिप बघा. घेतलं तर भत्ता बंद, आणि लागू असेल तर लायसन्स फी चालू. सोडलं तर उलट. जुळत नसेल तर तो पैसा खर्च न करता बाजूला ठेवा आणि लेखी कळवा. सोडताना वीज-पाण्याची बाकी नसल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय ट्रक भरू नका.

टप्पा ९ : तुमचं घर, भाडेकरू दुसरा

क्वार्टरमध्ये राहून फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवाच. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. मुदत कितीही असो, भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या. सोसायटीने तुम्ही तिथे राहत नाही म्हणून जादा आकार लावला, तर तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही.

भाडेकरू निघत नसेल तर याच कायद्याच्या कलम २३ मध्ये सैन्यातल्या माणसासाठी, माजी सैनिकासाठी आणि त्याच्या वारसासाठी घर स्वतःला राहायला परत मिळवण्याची वेगळी तरतूद आहे. त्यासाठी वरिष्ठांचं प्रमाणपत्र लागतं. मुळात निवृत्तीच्या आधीच्या वर्षी नवा करार करताना शेवटची तारीख अशी ठेवा, की तुम्ही सामान घेऊन याल तेव्हा घर दोन महिने आधी रिकामं झालेलं असेल. रंग द्यायचा असतो, नळ बदलायचे असतात, आणि क्वार्टरमधला पंधरा वर्षांचा काळ्या ट्रंकांचा ढीग कुठे ठेवायचा यावर भांडायचंही असतं.

सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरा आणि सोबत साधं मृत्युपत्रही करा, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. निवृत्तीनंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाचं ओळखपत्र काढलं की त्याच फेरीत मालमत्ता कराच्या सवलतीचा अर्ज कुठे द्यायचा ते विचारून घ्या. घर ज्याच्या नावावर आहे त्याचे कागद सोबत न्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं.